मराठी माध्यमाच्या मुलांकडून इंग्रजी अलंकार, शब्द आणि विरामचिन्हं यांचा सराव कसा करून घ्यावा?

निळी_शाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. संगमनेरजवळच्या आमच्या गावात मी रोज संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांचं इंग्रजी घेते. देवळाच्या ओसरीवर बसतो. अकरा मुलं आहेत, सगळी मराठी माध्यमाची.

परवा ‘फिगर्स ऑफ स्पीच’ ओळखायला दहा वाक्यं दिली. त्यातलं एक मुद्दाम साधं ठेवलं होतं: ‘आय लाइक मँगोज.’ अकरापैकी सात जणांनी त्याखाली ‘सिमिली’ (उपमा) लिहिलं. कारण विचारलं तर उत्तर तयार होतं, ‘बाई, लाइक आलंय ना.’ ‘ॲज सून ॲज द बेल रँग’ या वाक्यालाही चौघांनी सिमिलीच ठरवलं, कारण तिथे ‘ॲज’ दोनदा आलंय.

रात्री झोप लागेना. ही मुलं ढ नाहीत. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन मराठी वाक्यं लिहिली:

तो सारखा रडतो.
सारख्या आकाराच्या फोडी कर.
तिचा आवाज घंटेसारखा आहे.

विचारलं, उपमा कुठे आहे? अकराच्या अकरा जणांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. ‘सारखा’ तिन्हीकडे आहे, तरी एकही चुकलं नाही. पहिला ‘सारखा’ म्हणजे सतत, दुसरा म्हणजे समान, तिसरा म्हणजे तुलना, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मराठीत त्यांचा कान तयार आहे. इंग्रजीत मात्र आम्ही त्यांना कान वापरूच दिला नाही, फक्त खुणेचा शब्द शोधायला लावला.

म्हणून हा धागा. अलंकार, संदर्भातून शब्दाचा अर्थ आणि विरामचिन्हं, या तिन्हींचा सराव मुलांना आधीच येत असलेल्या मराठीवरून कसा नेता येईल? तुमच्याकडची वाक्यं, युक्त्या, अनुभव सगळं लिहा. व्याख्या पुस्तकात आहेतच, त्या नकोत.

---

खडूफळा

ताई, मनापासून धन्यवाद. मी निवृत्त शिक्षक. राज्यात २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आलं, त्याआधी पाचवीपासून एबीसीडी गिरवणाऱ्या कितीतरी तुकड्या माझ्या हाताखालून गेल्या. तुमची ती सात मुलं मी दरवर्षी पाहिली आहेत.

माझा अनुभव सांगतो. आपल्याकडच्या अलंकारशास्त्रात उपमेचे चार भाग सांगतात: उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि साम्यवाचक शब्द. ‘घाटातला रस्ता सापासारखा वळतो’ यात रस्ता उपमेय, साप उपमान, वळणं हा साधारणधर्म, ‘सारखा’ साम्यवाचक. शाळेच्या इंग्रजी व्याकरणात हे भाग नावानं शिकवत नाहीत. तिकडे समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ मध्ये उपमेयाला ‘टेनर’ आणि उपमानाला ‘व्हेइकल’ ही नावं दिली, पण ती महाविद्यालयात भेटतात. आपल्या मुलांना चारही भाग मराठीच्या तासाला पाठ असतात, फक्त ते इंग्रजीच्या तासाला वापरायचे असतात हे कुणी सांगत नाही.

मी मुलांना विचारायचो: कशाची तुलना? कशाशी? कुठल्या बाबतीत? कोणत्या शब्दानं? ‘आय लाइक मँगोज’ला पहिला प्रश्न विचारला की वाक्य तिथेच गळून पडतं. आंब्याची तुलना कशाशीच नाही.

आणखी एक प्रश्न मात्र हवाच: दोन्ही वस्तू वेगळ्या जातीच्या आहेत का? ‘शी लुक्स लाइक हर मदर’ यात तुलना खरी आहे, पण अलंकार नाही. लेक आईसारखी दिसते ही माहिती झाली. लेक सायलीच्या वेलासारखी दिसते म्हटलं की अलंकार.

आता एक गंमत. एकच घाट घ्या आणि मुलांना पायऱ्या उतरू द्या.

घाटातला रस्ता सापासारखा वळतो. (उपमा)
घाटातला रस्ता म्हणजे जणू सुस्तावलेला सापच. (उत्प्रेक्षा)
घाटाच्या सापानं आमची एसटी गिळली. (रूपक)
हा रस्ता नव्हेच, साप आहे. (अपन्हुती)
सापालाही इतकी वळणं घेता येणार नाहीत. (व्यतिरेक)
या घाटासारखा हाच घाट. (अनन्वय)

सहा वाक्यं, सहा नावं. शाळेच्या इंग्रजीत पहिल्या दोघांना सिमिली म्हणतात, तिसऱ्याला मेटाफर. चौथ्यालाही मेटाफरच धरतात. पाचव्या-सहाव्याला शालेय इंग्रजीत वेगळं नाव नाही. मुलांना हे सांगितलं की त्यांची मान ताठ होते. आपल्याकडे जास्त खण असलेलं कपाट आहे आणि इंग्रजीच्या वस्तू त्यातल्या कुठल्या खणात जातात एवढंच बघायचंय, असं त्यांना वाटू लागतं.

---

टाचणी

सर, पायऱ्या फारच आवडल्या, वहीत उतरवून घेतल्या. पण दुसऱ्या पायरीला सरळ सिमिली म्हणणं मला पटत नाही. उपमेत रस्ता रस्ताच राहतो आणि साप सापच. ‘जणू सापच’ म्हणताना बोलणारा क्षणभर तरी तो साप आहे असं मानून चालतो. त्या ‘च’मध्ये सगळं आहे. मग ती मेटाफरच्या जवळची नाही का?

---

खडूफळा

भावाच्या दृष्टीनं तुमचं बरोबर आहे, उत्प्रेक्षा दोघींच्या मध्ये उभी आहे. पण इंग्रजीत ‘ॲज इफ’, ‘ॲज दो’ आलं की तुलना उघडपणे शब्दांत मांडली असं धरतात, म्हणून शाळेत ती सिमिलीत जाते. मुलानं उत्तरपत्रिकेत सिमिली लिहावं. त्याला फरक कळतो की नाही, हे मी तोंडी विचारीन. दोन्ही महत्त्वाचं आहे, फक्त जागा वेगळी.

---

शेवग्याची_शेंग

माझी मुलगी दहावीत आहे, तिच्यासाठी एक शंका. ‘अलिटरेशन’ म्हणजे अनुप्रास ना? तिनं एका वाक्यात ‘सिटी’ आणि ‘कँडल’ या दोन शब्दांखाली रेघ मारून अलिटरेशन लिहिलं. दोन्ही ‘सी’ अक्षरानं सुरू होतात असं तिचं म्हणणं. मला चूक वाटतंय, पण तिला समजावता येत नाही.

---

टाचणी

चूकच आहे, आणि चुकण्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मराठीत अक्षर आणि उच्चार जवळजवळ एकच. ‘क’ लिहिला की ‘क’ ऐकू येतो. त्यामुळे मराठीचा अनुप्रास डोळ्यांनी शोधला तरी सापडतो. इंग्रजीत डोळे फसवतात. ‘सिटी’त ‘सी’चा उच्चार स, ‘कँडल’मध्ये क. कानाला सारखेपणा नाही, मग अलिटरेशन कुठून येणार?

उलटंही होतं. ‘नाइफ’ शब्द ‘के’नं सुरू होतो आणि ‘नेल’ ‘एन’नं, पण दोन्हीत ऐकू येतो तो ‘न’. हे अलिटरेशन. ‘फोन’ आणि ‘फिश’चंही तसंच.

मुलीला सांगा, वाक्य डोळे मिटून कुणाकडून तरी वाचून घे. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ म्हणताना आपण अक्षरं मोजत नाही, ओठ आपटतात ते जाणवतं. तेच इथे.

एक फरक तिला माहीत असू द्या. आपला अनुप्रास शब्दात कुठेही आलेलं अक्षर मोजतो. इंग्रजीत अलिटरेशनसाठी मुख्यतः शब्दाच्या सुरुवातीचा ध्वनी बघतात. आतल्या-शेवटच्या व्यंजनांसाठी ‘कॉन्सोनन्स’ आणि स्वरांसाठी ‘ॲसोनन्स’ अशी वेगळी नावं आहेत.

---

शेवग्याची_शेंग

समजलं! रात्री जेवताना आम्ही दोघींनी डोळे मिटून वाक्यं म्हटली. तिला लगेच कळलं. ‘ओनोमॅटोपिया’साठी तर तिनं स्वतःच यादी केली: खळखळ, सळसळ, टपटप, कडकड, फडफड, किणकिण, लुकलुक. मग त्यांची इंग्रजी भावंडं शोधत बसलो. सळसळला ‘रसल’, फडफडला ‘फ्लॅप’, टपटपला ‘पिटर-पॅटर’.

---

टाचणी

यादी सुंदर आहे. फक्त ‘लुकलुक’ पुन्हा एकदा ऐकून बघा. तारा लुकलुकतो तेव्हा आवाज होतो का? मराठीला दिसण्यालाही असे जोडशब्द द्यायची सवय आहे: लखलख, चमचम, लुकलुक. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत ‘ट्विंकल’ला ओनोमॅटोपिया लिहिलं तर चूक ठरेल, कारण तिथे नक्कल आवाजाची लागते. ‘हिस’, ‘बझ’, ‘क्लँग’, ‘स्प्लॅश’ हे पक्के.

---

घाटवाट

स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, पुण्यात अभ्यासिकेत बसतो. शब्दांबद्दल लिहितो, कारण माझी दोन वर्षं त्यात वाया गेली.

रोज पन्नास शब्द, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. हजारो पाठ केले. त्यात ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी होतं. ते तर पाठही करावं लागलं नाही, काकांचं कर्ज ‘सँक्शन’ झालं तेव्हा घरात पेढे वाटले होते. मग इंग्रजी पेपरात वाचलं की एका देशानं दुसऱ्यावर ‘सँक्शन्स’ लादले. मी अर्थ लावला, मंजुऱ्या दिल्या. अख्खा उतारा उलटा समजला. तोच शब्द निर्बंधासाठीही आहे. ‘ओव्हरसाइट’ही असाच, देखरेख आणि नजरचूक दोन्ही. कुठला अर्थ घ्यायचा हे शेजारचे शब्द ठरवतात. ‘लोन’ शेजारी असेल तर मंजुरी, ‘इम्पोज्ड’ शेजारी असेल तर निर्बंध.

जे. आर. फर्थ या इंग्लिश भाषाशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये मांडलेला विचार मला नंतर कळला: शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबतीवरून. तेव्हा मला आपला ‘मारणे’ आठवला. गप्पा मारणे, हाक मारणे, उडी मारणे, मिठी मारणे, शिट्टी मारणे, चक्कर मारणे. यातल्या एकातही मार नाही! मराठी शिकणाऱ्या परक्या माणसानं ‘मारणे म्हणजे टु बीट’ एवढंच पाठ केलं तर मिठीचं काय करेल तो? मी इंग्रजीशी नेमकं तेच करत होतो.

आता वहीत शब्द लिहीत नाही, वाक्य लिहितो. शब्द जिथे भेटला ते अख्खं वाक्य, आणि त्याच्या खाली माझ्या आयुष्यातलं एक. ‘हेवी रेन’ लिहायचं, नुसतं ‘हेवी’ नाही. ‘मेक अ मिस्टेक’, पण ‘डू होमवर्क’. मराठीत दोन्हीकडे ‘करणे’, म्हणून आपण तिथे हमखास घसरतो.

---

निळी_शाई

घाटवाट, तुमचा प्रतिसाद उद्या मुलांना वाचून दाखवणार. ‘मारणे’चा खेळ तर घेणारच.

याला जोडून: जे इंग्रजी शब्द मराठीत मुरलेत तेच माझ्या मुलांना जास्त फसवतात. ‘हॉटेल’ म्हणजे त्यांच्या लेखी मिसळ मिळते ती जागा, मुक्कामाची नाही. ‘क्लास’ म्हणजे शिकवणी. ‘लाइट गेली’चं ‘द लाइट वेंट’ होतं. ‘स्टँड’ म्हणजे एसटीचं. एकीनं आईच्या वतीनं अर्ज लिहिताना ‘माय मिस्टर’ लिहिलं होतं, कारण आई घरात तसंच म्हणते. हे शब्द मराठीत चूक नाहीत, ते आता मराठीच आहेत. पण इंग्रजी वाक्यात जाताना त्यांना इंग्रजी अर्थाचे कपडे घालावे लागतात.

एक विचारते. उतारा निवडताना तो किती अवघड घ्यावा? संदर्भातून अर्थ काढ म्हणताना आजूबाजूचे शब्दच माहीत नसतील तर मूल काय काढणार?

---

घाटवाट

यावर पॉल नेशन यांचं काम आहे. आधाराशिवाय नीट समजून वाचायचं तर मजकुरातले शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे हवेत, असं त्यांच्या संशोधनातून पुढे आलं. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. मी आधी ज्या संपादकीयांवर डोकं आपटायचो तिथे दर ओळीत तीन अडायचे. मुलांना सोपा उतारा द्या ताई, आणि त्यात मोजून दोन-तीन शब्द नवे ठेवा. संदर्भ काम करेल.

---

चार्ल्सकाठी

गेली अनेक वर्षं बोस्टनला आहे. मूळचा साताऱ्याचा, मराठी माध्यमाचाच. विरामचिन्हांवर अजून कुणी लिहिलेलं नाही, म्हणून इथली एक गोष्ट सांगतो. मुलांना ती नक्की सांगा, स्वल्पविरामाचं वजन कळेल.

आमच्या उत्तरेला मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या कायद्यात जादा कामाचा दीडपट मोबदला कोणत्या कामांना मिळणार नाही याची यादी होती. शेतमाल, मांस-मासे आणि नाशवंत पदार्थ यांचं कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता.

ओकहर्स्ट डेअरीचे दूध पोचवणारे ड्रायव्हर कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं की स्वल्पविराम नाही, म्हणजे हे एकच काम झालं: पाठवण्यासाठी किंवा वाटपासाठी माल बांधणं. आम्ही माल बांधत नाही, नुसता वाटतो. मग आम्ही यादीत नाही, आम्हाला जादा मोबदला द्या. कंपनी म्हणाली, बांधणं एक आणि वाटप दुसरं, अशी ती दोन कामं आहेत.

२०१७ मध्ये इथल्या फर्स्ट सर्किट अपील कोर्टानं ड्रायव्हरांच्या बाजूनं कौल दिला. न्यायमूर्ती डेव्हिड बॅरन यांच्या निकालपत्राचं पहिलंच वाक्य या अर्थाचं आहे की एका स्वल्पविरामाच्या अभावी हा खटला उभा राहिला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

ड्रायव्हरांची बाजू आणखी एका गोष्टीनं भक्कम झाली. यादीतली सगळी कामं ‘इंग’नं संपतात, ‘डिस्ट्रिब्यूशन’ मात्र नाही. ते ‘शिपमेंट’च्या रांगेत बसतं. नंतर राज्यानं कायदा सुधारला. कामांच्या मध्ये अर्धविराम टाकले आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’चं ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ केलं. शब्दाचं रूप आणि चिन्ह एकमेकांना कसा आधार देतात ते बघा.

---

माजघर

मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवेना.

चार्ल्सकाठी यांची गोष्ट वाचून वाटलं, मुलांना आधी हे सांगायला हवं की विरामचिन्हं मराठीलाही फार जुनी नाहीत. मोडीत शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत, हात न उचलता ओळ पुढे जायची. आज वापरतो ती चिन्हं मराठीत रुळली एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. मोल्सवर्थ यांच्यासोबत कोशाचं काम करणारे तेच कँडी. १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश त्यांनी पूर्ण केला. हिंदीनं वाक्याच्या शेवटी दंड ठेवला, मराठीनं टिंब घेतलं.

चिन्हांचा उगम तर त्याहून किती मागे. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात बायझँटियमचे ॲरिस्टोफेनीस यांनी वाचणाऱ्याला श्वास कुठे घ्यायचा हे कळावं म्हणून तीन उंचींवर ठिपके द्यायची पद्धत काढली, ख्रिस्तपूर्व २०० च्या आसपास. ‘कॉमा’चा मूळ ग्रीक अर्थ छाटलेला तुकडा. अर्धविराम मात्र बराच नंतरचा, व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियस यांच्या छापखान्यातला, १४९० च्या दशकातला.

आता मुख्य मुद्दा. मोडी चिन्हांशिवाय इतकी शतकं कशी चालली? मला वाटतं, मराठीची वाक्यरचनाच बरंचसं काम करते. इंग्रजीतलं हे वाक्य घ्या:

द टीचर सेड द स्टुडंट वॉज लेट.
“द टीचर,” सेड द स्टुडंट, “वॉज लेट.”

शब्द तेच, क्रम तोच, पण उशीर पहिल्यात विद्यार्थ्याला झालाय आणि दुसऱ्यात शिक्षकांना. मराठीत करून बघा: ‘बाई म्हणाल्या, मुलगा उशिरा आला.’ यात कितीही स्वल्पविराम हलवा, बाईंना उशीर होणार नाही. ‘म्हणाल्या’ बाईंचंच राहतं, ‘आला’ मुलाचंच. क्रियापद आपला धनी सांगतं. इंग्रजीत ‘सेड’ कुणाचंही असू शकतं, म्हणून तिथे चिन्हानं सांगावं लागतं. मुलांना हे कळलं की चिन्हं म्हणजे मार्क कापायची सोय वाटत नाही. मराठीत जे प्रत्यय करतात त्यातलं काही काम इंग्रजीत ती करतात.

माझ्या टेबलावर मराठी माणसाच्या इंग्रजीत दोन चुका सतत येतात.

पहिली: ‘पाऊस आला, आम्ही घरी गेलो.’ मराठीत अगदी निर्दोष. इंग्रजीत मात्र ‘इट रेन्ड, वी वेंट होम’ चालत नाही. दोन पूर्ण वाक्यांना नुसता स्वल्पविराम बांधून ठेवू शकत नाही. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, किंवा स्वल्पविरामापुढे ‘सो’ घाला.

दुसरी ‘की’ची. ‘तो म्हणाला की मी येतो.’ मराठीत ‘की’नंतरही बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात. याचं सरळ ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’ केलं की येणारा माणूसच बदलतो! इंग्रजी वाचकाला वाटतं, लिहिणारा येतोय. ‘दॅट’ ठेवायचं तर ‘ही वॉज कमिंग’. ‘आय’ ठेवायचं तर अवतरणचिन्हं. याच्यावर मुलांकडून जितकी वाक्यं करून घ्याल तितकी कमी.

---

निळी_शाई

माजघर ताई, काय लिहिलंत! ‘की’वाली चूक माझ्या अकराही जणांच्या वहीत आहे आणि मी ती नुसती खोडत होते, कारण सांगता येत नव्हतं.

चिन्हांचा विषय निघालाय तर ॲपॉस्ट्रॉफीचं सांगते, कारण याची युक्ती या आठवड्यात सापडली. ‘बॉय’ला एस लावताना ॲपॉस्ट्रॉफी एसच्या आधी की नंतर, यात मुलं कायम गोंधळतात. मी फळ्यावर लिहिलं:

मुलाची वही
मुलांची वही

विचारलं, फरक काय? ‘बाई, एक अनुस्वार.’ एका टिंबानं एका मुलाची अनेक मुलं होतात. इंग्रजीत तेच काम ॲपॉस्ट्रॉफीची जागा करते. एसच्या आधी असेल तर मुलाची, नंतर असेल तर मुलांची. पुन्हा सांगावं लागलं नाही. ‘इट्स’चंही मराठीतूनच सुटलं: मनात ‘त्याचं’ आलं तर चिन्ह नाही, ‘ते आहे’ आलं तर चिन्ह द्यायचं.

---

टाचणी

अनुस्वाराची युक्ती अप्रतिम, ताई.

ॲपॉस्ट्रॉफी नावाचा अलंकारही आहे, हे मुलांना सांगितलंत का? ग्रीकमधल्या मूळ शब्दाचा अर्थ वळणं, पाठ फिरवणं. बोलणारा समोरच्या श्रोत्यांकडून वळून जो तिथे नाही त्याच्याशी, किंवा निर्जीव वस्तूशीच बोलू लागतो. आपल्याला हा अलंकार बोबड्या वयात भेटतो. पावसाला ‘ये रे ये रे’ म्हणून पैसा देऊ करणं, चांदोबाला दमलास का विचारणं, हीच ॲपॉस्ट्रॉफी. त्याच ओळींत चेतनागुणोक्ती, म्हणजे ‘पर्सनिफिकेशन’ही आहे, कारण पैसे घेणारा पाऊस माणूसच झाला. एका ओळीत दोन अलंकार असू शकतात हेही मुलांना कळू द्या. ती एक लिहून दुसरा खोडतात.

---

खडूफळा

‘मेटोनिमी’ राहिली, म्हणजे एका वस्तूचं नाव घेऊन तिच्याशी जोडलेली दुसरी सुचवणं, तेवढी जोडतो. मुलं ती अलंकारांच्या धड्यात शोधतात आणि मराठीत असं काही नाही म्हणतात. आहे, पण शब्दशक्तीच्या धड्यात, लक्षणेखाली. ‘चला, पानं वाढली आहेत’ म्हणताना कुणी पानं खात नाही. ‘बाबा पानावर बसलेत’ ऐकून कुणी दचकत नाही. ‘द केटल इज बॉइलिंग’ हे तसंच, उकळतं ते पाणी.

---

चार्ल्सकाठी

एक अवांतर, पण उपयोगी. संख्यांमधला स्वल्पविराम. आपण १,००,००० लिहितो, इथे तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देतात, १००,०००. परदेशी अर्ज भरणाऱ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवावं. शब्दांचंही असंच आहे. बैठकीत प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे भारतात आणि ब्रिटनमध्ये चर्चेला मांडणं, इथे अमेरिकेत चर्चा पुढे ढकलणं. संदर्भात देशही येतो.

---

निळी_शाई

मंडळी, आठवडाभर तुमच्या सगळ्यांचं वापरलं. घाटाच्या पायऱ्या घेतल्या, ‘मारणे’चा खेळ घेतला, मेनच्या ड्रायव्हरांची गोष्ट सांगितली (ती त्यांनी दोनदा सांगायला लावली). मग म्हटलं, आता तुम्ही लिहा. प्रत्येकी एक इंग्रजी वाक्य, आपल्या घरातलं, अलंकार असलेलं.

एकानं लिहिलं, ‘माय फादर्स सायकल कफ्स ऑन द स्लोप.’ सायकल खोकते! आणि ॲपॉस्ट्रॉफी एसच्या आधी, जागच्या जागी.

पण ज्यासाठी आज लिहितेय ते वाक्य नववीतल्या एका मुलीचं. तिच्या घरी कांदा आहे. यंदा मार्केटला नेला तेव्हा भाव पडलेला होता. तिनं लिहिलं:

द ओनियन्स मेड माय फादर क्राय, ही हॅड नॉट कट देम.

मी वाचलं आणि बराच वेळ काही बोलू शकले नाही. ‘क्राय’ला दोन्ही अर्थ लागू आहेत आणि वाक्याचा दुसरा तुकडा येईपर्यंत कुठला घ्यायचा ते कळत नाही. हा श्लेष तिला कुणी शिकवला नव्हता.

मधला स्वल्पविराम मात्र माजघर ताईंनी सांगितलेला तोच. तिथे काय द्यायला सांगू? तिच्या वाक्याला मला धक्का लावायचा नाही.

---

खडूफळा

डोळ्यांत पाणी आलं, ताई. माझं मत अर्धविराम. दोन्ही वाक्यं पूर्ण आहेत आणि एकमेकांना धरून आहेत. अर्धविराम याच कामासाठी आहे. ‘बट’ वगैरे काही घालू देऊ नका, सगळं सांडेल.

---

माजघर

नियमानं सरांचं उत्तर बरोबर. मी तिच्या जागी असते तर पूर्णविराम दिला असता. पहिल्या वाक्यानंतर वाचणाऱ्याला थांबू दे, कांदा चिरताना आलेलं पाणी समजू दे. मग दुसरं वाक्य येऊ दे. पण दोन्ही शुद्ध आहेत, तेव्हा निवड तिची. तिला दोन्ही मोठ्यानं वाचायला सांगा.

---

निळी_शाई

सांगितलं. तिनं आधी अर्धविराम देऊन वाचलं, मग पूर्णविराम देऊन. मग पुन्हा एकदा पूर्णविरामावर, या वेळी मध्ये जरा जास्त थांबून. बाकीची दहा जणं अगदी शांत होती.

खोडरबरानं स्वल्पविराम पुसून टिंब दिलं. वही माझ्याकडे देता देता परत ओढून घेतली आणि ‘ही’चा एच कॅपिटल केला.